चपलांचा पुरावा

१

पूर्णा विमा कंपनीच्या बुलडाणा शाखेतून दावा क्रमांक ४१७ ची फाइल नाहीशी झाली आणि पहिला संशय माझ्यावर आला. मी रागावलो नाही. शाखाधिकाऱ्याच्या खुर्चीत मी असतो तर मीही माझ्यावरच संशय घेतला असता.

मी दयाराम. पूर्णेत छत्तीस वर्षं दाव्यांची चौकशी केली. आग लागली की लावली, बैल मेला की मारला, माणूस पडला की त्यानं उडी घेतली, हे ठरवणं माझं काम होतं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण कोणी खरं बोलत नसेल तर मला अजून कानात खाज सुटल्यासारखं होतं. बायको म्हणायची, तुमच्याशी संसार म्हणजे रोजची उलटतपासणी. बिचारी खोटं बोलत नव्हती.

पूर्णा ही काही आजकालची कंपनी नाही. खामगावात एका रात्रीत तीन जिनिंग जळाल्या, त्यानंतर १९२५ साली कापसाच्या व्यापाऱ्यांनी ती काढली. राख गरम आहे तोवर कंपनीचा माणूस जागेवर पोचला पाहिजे, असा संस्थापकांचा दंडक होता. पुढे मालक बदलले, सरकार आलं, पाट्या बदलल्या, पण जिल्ह्यात लोकांनी नाव काही बदललं नाही. यंदा शंभर वर्षं झाली म्हणून कंपनीचा इतिहास छापायला घेतलेला. लिहिणारे महादेवराव, माझे जुने सोबती. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो आणि एकाच मांडवात निरोपाचे हार घातले.

शाखाधिकारी अविनाश हा चाळिशीच्या आतला, हुशार आणि सदा घाबरलेला माणूस. त्यानं मला बोलावून दार लावलं.

"सर, राग मानू नका. माहितीच्या अधिकारात अर्ज आलाय. ४१७ नंबरची पूर्ण फाइल मागितलीय. तीस दिवसांपैकी चार राहिले आणि फाइल गायब. दाव्यांच्या नोंदवहीत त्यापुढे चौकशी अधिकारी म्हणून तुमचं नाव आहे."

"म्हणजे मी चोरली?"

"तसं नाही... पण तुमचीच नाचक्की होण्यासारखं काही त्यात असेल तर?"

मला हसू आलं. कारण ४१७ म्हणजे माझ्या नोकरीतला मानाचा तुरा होता. १९९४ साली मोताळा तालुक्यातल्या एका गावी सहदेव नावाचे प्राथमिक शिक्षक विहिरीत बुडून गेले. शिक्षकांचा अपघात विमा आमच्याकडे होता, आणि आत्महत्येला अपघात विमा लागू होत नाही. सगळे म्हणत होते, पाय घसरला. मी पंचनाम्यातला एक फोटो पाहिला. विहिरीच्या ओट्याखाली चपला नीट जोडीनं ठेवलेल्या, उजव्या चपलेत मनगटी घड्याळ. मी अहवालात लिहिलं, 'पाय घसरून पडणारा माणूस आधी चपला काढून, त्यात घड्याळ ठेवून पडत नाही.' दावा फेटाळला गेला. ते वाक्य पुढे नागपूरच्या प्रशिक्षणात नव्या पोरांना शिकवायचे.

"अर्ज कोणी केलाय?" मी विचारलं.

"त्या शिक्षकाची मुलगी. बाहेर बसलीय. तिला तुम्हालाच भेटायचंय."

२

समता हिवरा आश्रम या गावी शाळेवर शिकवते. तेहेतीस वर्षांची, सरळ मान, हातात पिशवी. पिशवीतून तिनं एका स्थानिक साप्ताहिकाचा दिवाळी अंक काढला. त्यात महादेवरावांचा लेख होता, येणाऱ्या इतिहासातला एक भाग म्हणून छापलेला. मथळा होता 'चपलांचा पुरावा'. शिक्षकाचं नाव नव्हतं, माझं मात्र होतं.

"हे आमच्या शाळेतल्या बाईंनी मले वाचायले दिलं," ती म्हणाली. "त्यांना माहीत नव्हतं का थो शिक्षक माझा बाप हाय."

मी अंकाची पानं उगाच चाळली.

"साहेब, मले पैसे नको. पैशाचं वय निघून गेलं. माझी आई साखरखेर्ड्याले मामाच्या घरी हाय. दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टरनं सांगतलं, आता घरीच ठेवा. आणि तिले एकच गोष्ट जाणून घ्यायची हाय."

"काय?"

समतानं आधी दाराकडे पाहिलं. "त्या दिवशी सकाळी त्यांचं भांडण झालं होतं. आई रागारागात बोलून गेली, जाय, विहिरीत पड. अन् शेतात निंदायले निघून गेली. दुपारी माणसं तिले बलवायले आली."

तिनं पिशवी मांडीवर घेतली.

"चार दिवसांत मामा आम्हाले घेऊन गेला. ती परत कधी त्या गावाले गेली नाही. मंग कंपनीचा कागद आला, आत्महत्या म्हणून. आई म्हणते, शिकल्या-सवरल्या साहेबानं तपासून लिहिलं, म्हंजे माह्या बोलण्यानंच गेला थो. एकतीस वर्षं झाले साहेब. तुम्ही काय पाहून लिहिलं, थे मले तिले वाचून दाखवायचं हाय. खरं असंन तं खरं. पण पूर्ण पाह्यजे."

पस्तीसेक वर्षं मी विधवांच्या समोर बसलो आहे. कोणी शिव्या दिल्या, कोणी पाय धरले. ही काहीच करत नव्हती. ती फक्त वाट पाहत होती, आणि मला माझ्या त्या गाजलेल्या वाक्याची पहिल्यांदाच लाज वाटली, का ते कळलं नाही तरी.

"मिळेल फाइल," मी म्हणालो. "चार दिवसांच्या आत."

ती गेल्यावर अविनाश आत आला आणि हळूच म्हणाला, "सर, एक सांगायचं राहिलं. मागच्या आठवड्यात ही बाई रेकॉर्ड रूममध्ये गेली होती. एकटी."

३

रेकॉर्ड रूम म्हणजे कार्यालयामागची पत्र्याची खोली. लाल फडक्यात बांधलेले बस्ते छतापर्यंत रचलेले, आणि त्यांचा राखणदार कडूबा. कडूबाला काही विचारताच तो अंग चोरतो, कारण दर दिवाळीला तो इथली रद्दी विकतो हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे.

"कडूबा, त्या बाईला आत कोणी सोडलं?"

"म्याच सोडलं साहेब. दहा मिनिटं. रडकुंडीले आली होती."

"तिनं काही उचललं?"

"कायचं उचलते! मी दारातच उभा होतो. तिले बस्ता सोडतासुद्धा येत नव्हता. म्याच सोडून दाखवला, तं त्याच्यात फाइल नव्हतीच."

"आणि तू दिवाळीला विकली असशील?"

"बापाची आन, साहेब. मी विकतो थे जुने फॉर्म, कोरे रजिस्टर. दाव्याच्या फाइलीले हात नाही लावत मी. माह्या पोटावर पाय देऊ नका."

कान खाजला नाही. मी त्याला १९९४ चा बस्ता उतरवायला सांगितला. गाठ सोडली. ४१६ होती, ४१८ होती. मधल्या जागेत कागदाची एक पट्टी उभी होती, चार बोटं रुंद, वरचा कोपरा दुमडून बस्त्याबाहेर डोकावेल अशी. कडूबानं ती काढून टाकायला हात घातला.

"थांब. हे काय आहे?"

"काय मालूम. कचरा असंन."

"अशी पट्टी कधी पाहिलीस इथं?"

"एकवीस वर्षांत नाही पाह्यली."

मी पट्टी हातात घेतली आणि खालच्या स्टुलावर बसलो.

ही उभी चिठ्ठी होती. १९३१ साली एका कारकुनानं फाइल हरवली, तेव्हा संस्थापकांनी नियम केला. बस्त्यातून फाइल काढणाऱ्यानं तिच्या जागी नाव आणि तारीख लिहून, कोपरा दुमडून चिठ्ठी उभी करायची. फाइल परत ठेवली की चिठ्ठी फाडायची. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं होतं. १९९८ साली रजिस्टर आलं आणि चिठ्ठी बंद पडली. कडूबा आला २००४ ला. अविनाश तर परवाचा. आता या शाखेत उभी चिठ्ठी माहीत असलेली दोनच माणसं उरली होती.

या चिठ्ठीवर नाव नव्हतं, तारीख नव्हती. चोरानं चोरी केली होती, पण वीस वर्षांची सवय हातातून गेली नव्हती. मी चिठ्ठी उलटी केली. मागे छापील अक्षरं होती, अर्धवट कापलेल्या ओळी.

४

'...जिनिंगच्या आगीनंतर व्याप...' एवढं वाचता येत होतं. हा इतिहासाच्या ग्रंथाचा छपाईचा मसुदा होता.

मी सरळ अविनाशच्या खोलीत गेलो. "पुस्तकाचे कच्चे छापे किती जणांकडे आहेत?"

"दोनच प्रती निघाल्या. एक माझ्याकडं, एक लेखकांकडं."

"तुझी काढ."

त्यानं खणातून काढली. मी एकेक पान मोजलं. सगळी शाबूत, एकाचाही कोपरा कापलेला नव्हता. अविनाश घामाघूम झाला होता. मी त्याला बसायला सांगितलं.

"खरं सांग. फाइल गेली तर तुला बरंच आहे ना? जुनं उकरणं नाही, वर जाब नाही."

"सर, उलट आहे," तो एकदम मराठीच्या मास्तरासारखा स्पष्ट बोलायला लागला. "गहाळ फाइल म्हणजे माझ्या नावावर शेरा. मी तर अर्ज आल्याच्या दुसऱ्याच दिवशी महादेवरावांना म्हणालो, साहेब तुम्ही रोज रेकॉर्डमध्ये बसता, तेवढी ४१७ काढून ठेवा. ते बरं म्हणाले. मग म्हणाले, सापडत नाही."

"आणि छापखाना? काम कुठवर आलं?"

"तीच एक डोकेदुखी. पंधरा दिवसांपूर्वी महादेवरावांनी आठ पानं परत मागून घेतली. छापू नका म्हणाले. दिवाळी अंकात तेच छापून आलं, लोकांनी एवढं कौतुक केलं, आणि आता..."

"कोणती पानं?"

अविनाश माझ्याकडे पाहत राहिला. त्यालाही आत्ताच कळत होतं. "तुमचीच, सर. चपलांचा पुरावा."

हिशेब सरळ होता. चिठ्ठीचा कागद ज्याच्याकडे असू शकतो अशी माणसं दोन, अविनाश आणि महादेवराव. चिठ्ठीची रीत ज्याला माहीत अशी माणसंही दोन, महादेवराव आणि मी. दोन्हीकडे असलेलं नाव एकच. आणि त्यानंच ती आठ पानं मागे घेतली होती.

छत्तीस वर्षांत चोर सापडला की मला भूक लागायची. त्या दिवशी मी बसस्टँडवरच्या हॉटेलात चहा मागवला आणि तो तसाच ठेवून उठलो. महादेवनं चोरी केली होती, आणि ती माझ्याचसाठी केली असणार. पण कशापासून तो मला वाचवत होता?

५

महादेवराव अंगणात उन्हाला बसले होते. मी फाटक उघडलं तसं त्यांनी चष्मा काढला.

"ये बे दया. मले वाटलंच होतं, तुले दोन दिवस बी लागणार नाही."

"चिठ्ठी कायले ठेवली?"

ते खिन्न हसले. "सवय. खिशात त्या छाप्याचे फाडलेले कागद होते. हात आपोआप गेला. घरी आल्यावर ध्यानात आलं. परत जाऊन काढायची हिंमत नाही झाली."

"फाइल दे."

"नको पाहू दया. मी हात जोडतो तुले. सत्तर वर्षांचा झाला तू. दोन गोळ्या रक्तदाबाच्या खातो. वहिनी गेली तेव्हापासून रातीचा झोपत नाही. कायले पाह्यतो?"

"त्या पोरीची माय मरून राह्यली महादेव. तिच्याकडं पाह्यलं का तू?"

"मी तुह्याकडं पाह्यलं," ते म्हणाले.

ते आत गेले. फाइल घेऊन आले आणि माझ्या मांडीवर ठेवली. वर माझा अहवाल, माझं गाजलेलं वाक्य, वरिष्ठांचा शेरा 'उत्तम निरीक्षण'. त्याच्यामागे फोटो. आणि सगळ्यात खाली, टाचणीनं लावलेला वहीचा एक कागद. तो मी कधीच पाहिला नव्हता.

'मा. विमा साहेब, सविनय जयभीम. सहदेव गुरुजी विहिरीत पडून वारले. आपले साहेब गावात येऊन गेल्याचे कळले, ते वस्तीत आले नाहीत, म्हणून लिहितो. त्या दिवशी सकाळी गुरुजींनी माझी आई धम्मशीला हिच्याकडून गळ नेला. त्यांच्या घरची बादली आदल्या सांजेला विहिरीत पडली होती, ती काढायला. ओट्याचा काठाचा एक दगड हलत होता, तो त्यांच्यासोबतच खाली गेला आहे. चपलांचे म्हणाल तर, आमच्या विहिरीच्या ओट्यावर कोणी चपला घालून चढत नाही. गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते तेव्हा आमच्या आज्यांनी ही हाताने खोदली. आम्ही सर्व जण चपला खालीच काढतो. गुरुजी लेकरांनाही तेच शिकवत. दगडाची जागा आम्ही तशीच ठेवली आहे. आपण येऊन पाहावे. नागसेन, आणि आईचा अंगठा.'

मी दोनदा वाचलं. मग तारखेचा शिक्का पाहिला. दावा फेटाळल्याच्या नऊ दिवस आधीचा.

"मग हे माझ्यापर्यंत आलंच कसं नाही? कोणी दाबलं?" मी ओरडलोच. "कोणत्या हरामखोरानं..."

महादेवरावांनी बोट कागदाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवलं. तिथे लाल शाईत 'पाहिले' असं लिहिलं होतं आणि खाली सही होती. माझी.

सकाळचं टपाल फायलीच्या पॅडमध्ये यायचं, चाळीस-पन्नास कागद. चहा येईपर्यंत सगळ्यांवर 'पाहिले' लिहून सही ठोकायची, मग कारकून ते आपापल्या फाइलीला लावायचा. सगळं कार्यालय तसंच करायचं. वाचायचं ते नंतर, आणि तो नंतर कधी यायचा नाही. माझा अहवाल आधीच गेला होता आणि मी माझ्यावर खूश होतो.

"चार दिवस राह्यले," महादेवराव खालच्या आवाजात म्हणाले. "अविनाश देतो फाइल गहाळ झाल्याचा दाखला. पोरगी अपिलात जाईन, सहा महिने जातील. तवर थे माय... कोणाले काय समजनार बे?"

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला ते पटलं होतं. मांडीवरचा कागद जाळायला एक काडी पुरली असती.

६

दुसऱ्या दिवशी मी मोताळ्याच्या बसमध्ये बसलो. गावाचं नाव लिहीत नाही, ती माणसं तिथे आहेत. १९९४ साली मी सरपंचाच्या ओट्यावर बसून जबाब घेतले होते. पोहे खाल्ले होते. वस्ती कुठे म्हणून विचारलं तर कोणीतरी हातानं दाखवली होती आणि मी मान डोलावली होती. आता मी त्या ओट्यापासून चालत निघालो. पावलं मोजली. तीनशे चाळीस भरली.

नागसेन आता पन्नाशी ओलांडलेला, ग्रामपंचायतीत काम करतो. मी नाव सांगितलं.

"जयभीम साहेब," तो म्हणाला. "लई टाइम लावला. माय वाट पाहून पाहून गेली."

मी जयभीम म्हणालो.

विहीर वस्तीच्या टोकाला होती. नळ आल्यापासून पाणी फारसं कोणी ओढत नाही, पण दोन बाया कपडे धूत होत्या. ओट्याच्या पायथ्याशी त्यांच्या चपला होत्या, नीट जोडीनं. मी विचारात पाय वर टाकला.

"साहेब," नागसेन म्हणाला, "चपला खाली."

मी चपला काढल्या आणि चढलो. काठाला एका जागी सिमेंट होतं, बाकी सगळा जुना काळा दगड.

"दहा वर्षं तशीच मोकळी ठेवली जागा," तो म्हणाला. "तुमचा माणूस येईन म्हणून. मंग एक लेकरू पडता पडता वाचलं, तवा भरली. पाण्यानं घड्याळ खराब होते म्हणून गुरुजी थे काढूनच गळ टाकत. आमच्यासाठी बी लई बादल्या काढल्या त्यांनी."

"त्यांची बादली? ती तळाशीच राहिली?" मी विचारलं. हा प्रश्न फाइलीत कुठे नव्हता. यावेळी मला काहीही गृहीत धरायचं नव्हतं.

नागसेननं सांगितलं, पोलीस यायच्या आधीच लोकांनी काय काय बाजूला केलं होतं तेही. मी वहीत लिहून घेतलं, त्याची सही घेतली आणि संध्याकाळच्या बसनं बुलडाण्याला आलो. रातोरात नाही, दुसऱ्या दिवशी दहा वाजता, मी अविनाशसमोर फाइल ठेवली. सोबत माझा जबाब होता. माझा अहवाल चुकीचा होता, मी जागेवर गेलो नव्हतो, आलेल्या पुराव्यावर मी न वाचता सही केली, मृत्यू अपघाती होता. अविनाशनं तो दोनदा वाचला. मला वाटलं आता हा टाळाटाळ करील. त्यानं प्रत्येक पानावर शिक्का मारला आणि म्हणाला, "सर, मी हे वर पाठवतो. काय व्हायचं ते होऊ द्या."

महादेवरावांना मी एवढंच सांगितलं की ती आठ पानं पुस्तकात परत घालायची, आणि पुढे हेही लिहायचं. त्यांनी मान हलवली. फाइल कुठे होती हे मी अविनाशला सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

७

साखरखेर्ड्याच्या त्या घरात औषधांचा वास होता. बेबीताई खाटेवर होत्या, हातापायांना सूज, चेहरा मात्र तरुण वाटावा असा, ओठ घट्ट मिटलेले. समतानं त्यांना उशीला टेकवून बसवलं.

"आई, कंपनीचे साहेब आले."

"थे लिहिणारे?"

"हो, तेच."

त्यांनी मला बसा म्हटलं. मी खाली बसलो. फाइल समतानं वाचायची असं ठरलं होतं, पण पहिल्याच ओळीला तिचा आवाज गेला, म्हणून कागद मी घेतला. नागसेनचं पत्र मी वाचलं, सावकाश, एकही शब्द न गाळता. मग माझा जबाब वाचला. चूक माझी होती, तुमच्या बोलण्याची नव्हती, असं शेवटी तोंडानं म्हणालो.

बेबीताई माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्यांची नजर भिंतीवर होती.

"बादलीपाईच भांडलो होतो," त्या म्हणाल्या. "एकच बादली होती घरात. माह्याच हातून पडली अन् म्याच त्याच्यावर आग पाखडली. काऊन नवा दोर आणला नाही म्हणून. तवा बोलली मी थे. मले काय मालूम थो लगेच गळ मागायले जाईन."

मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"साहेब, निघाली होती का थे बादली?"

"निघाली होती," मी म्हणालो. "गळाला अडकलेली होती, बाई. दोर त्यांच्या मनगटाला गुंडाळलेला होता. त्यांना वर काढलं तेव्हा बादलीही वर आली. मी परवा विहिरीवर जाऊन नागसेनला विचारून आलो."

त्यांनी ते मनात लावून पाहिलं. ओठ हलले, जणू एकेक पायरी त्या मोजत होत्या. गळ टाकला, बादली लागली, ओढायला घेतली.

"मंग थो घरी येऊन राह्यला होता," बेबीताई म्हणाल्या.

आणि त्या रडल्या. मोठ्यानं, छाती पिटून, दारात आत्ताच कोणी मयत आणून ठेवावं तशा, त्याचं नाव घेऊन. शेजारच्या बाया धावत आल्या. काय झालं, कोण गेलं, म्हणून विचारायला लागल्या. समता त्यांना सांगत होती, बाबा गेले, माझे बाबा. मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "आई रडलीच नव्हती साहेब. तिले वाटायचं, आपल्याले हक्क नाही."

मला माफी मागायची होती. एवढ्या लांबून तेवढ्यासाठीच आलो होतो. पण त्या घरात माणूस गेला होता आणि माझ्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. मी फाइलीची प्रत खाटेच्या पायाशी ठेवली आणि बाहेरच्या माणसांमध्ये जाऊन बसलो.